नोंदीपर्यंतची वाट: स्क्रिप्टिंग भाषा आणि डेटाबेस यांच्या जोडणीचा इतिहास

डेटाबेस नोंदी सांभाळतो. प्रोग्रॅम त्या मागतो, पडताळतो, बदलतो आणि छापतो. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या दुव्याला स्वतःचा इतिहास आहे. डेटाबेस कोणत्याही कंपनीचा असो, प्रोग्रॅमने त्याच्याशी एकाच रीतीने बोलावे, ही सोय स्क्रिप्टिंग भाषांना १९९० च्या दशकात मिळू लागली. तिचे मोल नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावाच्या जमीन-नोंदींवरून चांगले कळते. तेथे एका व्यवहाराची माहिती एकाहून अधिक कार्यालयांच्या दप्तरांत विखुरलेली असते.

महाराष्ट्रात गावाचे महसुली दप्तर १ ते २१ या गाव नमुन्यांत ठेवले जाते. नमुना ७ हे अधिकार अभिलेख पत्रक आणि नमुना १२ ही पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा होतो. नमुना ८अ मध्ये खातेदाराची सगळी जमीन एकत्र दिसते आणि नमुना ६ ही फेरफाराची वही असते. जमीन विकली की दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला जातो, तलाठी नमुना ६ मध्ये फेरफार धरतो आणि हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग सातबारावर जुन्या नावाला कंस होतो आणि नवे नाव फेरफार क्रमांकासह लागते. या वह्या गट क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक या तीन दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या आहेत.

अशाच दुव्यांवर आधारलेली रचना १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी गणिती पायावर मांडली. माहिती तक्त्यांत ठेवावी, तक्ते समान मूल्यांनी जोडावेत आणि माहिती डिस्कवर नेमकी कुठे आहे याची चिंता मागणाऱ्याने करू नये, हे तिचे सार. त्याच कंपनीत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या रचनेसाठी जी प्रश्नभाषा आखली, ती पुढे एसक्यूएल झाली. १९७९ मध्ये ओरॅकलचा डेटाबेस बाजारात आला आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने एसक्यूएलला मानक भाषा म्हणून मान्यता दिली. प्रश्न विचारण्याची भाषा अशी बरीचशी ठरली, पण प्रोग्रॅममधून तो प्रश्न पाठवायचा कसा, हे प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवत राहिली. सी किंवा कोबॉलमध्ये एसक्यूएलची वाक्ये पेरायची, कंपनीच्या प्रीकंपायलरमधून ती पार करायची आणि मग प्रोग्रॅम बांधायचा, ही तेव्हाची रूढ पद्धत होती. डेटाबेस बदलला तर यातले बरेच काम पुन्हा करावे लागे.

भारतात जमीन-नोंदींच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता. त्या काळात देशभरच्या कार्यालयांत डीबेस आणि फॉक्सप्रो यांचा मोठा वापर होता. त्यांच्यात भाषा आणि माहितीची फाइल एकाच घरातल्या असल्यामुळे जोडणीचा प्रश्नच उद्भवत नसे. एका टेबलावरच्या कामाला ते पुरेसे होते. मात्र अनेक जण एकाच वेळी वापरतात असा सर्व्हर-डेटाबेस आला, शेजारच्या खात्याची माहिती वेगळ्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये असू लागली, तेव्हा भाषा आणि साठा वेगळे करणे अपरिहार्य झाले.

स्क्रिप्टिंग भाषांकडे हे काम आले ते त्यांच्या स्वभावामुळे. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली पर्ल भाषा मजकूर चाळण्यात आणि अहवाल तयार करण्यात तरबेज होती. डेटाबेसमधली माहिती बाहेर काढणाऱ्यांना ती साहजिकच हवीशी वाटली. परंतु पर्लच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत डेटाबेसची सोय भाषेच्या मूळ प्रोग्रॅममध्येच मिसळून तो नव्याने बांधावा लागे. ओरॅकलसाठी ओरापर्ल, सायबेससाठी सायबपर्ल, इंग्रेससाठी इंगपर्ल अशा वेगवेगळ्या पर्ल झाल्या. एकाच स्क्रिप्टमधून ओरॅकलमधले वाचून सायबेसमध्ये लिहिणे त्यामुळे फार अवघड होते.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी १९९२ मध्ये या पर्लांचे कर्ते आणि इतर जाणकार एकत्र येऊन एका सामाईक इंटरफेसचा आराखडा करू लागले. १९९४ मध्ये पर्लची पाचवी आवृत्ती आली. चालू प्रोग्रॅममध्ये गरजेपुरते मॉड्यूल जोडता येऊ लागले आणि टिम बन्स यांनी डीबीआय हे मॉड्यूल प्रत्यक्षात आणले. त्याचे दोन थर होते. वरचा थर सर्व डेटाबेससाठी एकच: जोडणी करा, प्रश्न तयार करा, तो चालवा, ओळी घ्या, जोडणी सोडा. खालचा थर प्रत्येक डेटाबेससाठी वेगळा ड्रायव्हर, जो या आज्ञा त्या-त्या कंपनीच्या भाषेत उतरवतो. ओरॅकलऐवजी दुसरा डेटाबेस घ्यायचा तर जोडणीच्या ओळीतले ड्रायव्हरचे नाव बदलायचे. बाकीच्या प्रोग्रॅमला फारसा धक्का लागत नसे.

हाच विचार इतरत्रही चालू होता. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी हा असाच सामाईक इंटरफेस आणला आणि १९९७ मध्ये जावा भाषेबरोबर जेडीबीसी आला. पायथनने वेगळा मार्ग धरला. तेथे सामाईक मॉड्यूल नव्हते, सामाईक करार होता: प्रत्येक ड्रायव्हर-लेखकाने जोडणी, कर्सर (प्रश्न चालवून ओळी आणणारा घटक) आणि त्यांच्या क्रिया ठरलेल्या नावांनीच द्याव्यात. या कराराची दुसरी आवृत्ती मार्क-आंद्रे लेम्बुर्ग यांच्या संपादनाखाली १९९९ मध्ये आली आणि ती अजूनही पाळली जाते. पीएचपीत बराच काळ मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांची फंक्शने निरनिराळी होती. २००५ मध्ये ५.१ या आवृत्तीबरोबर पीडीओ आले आणि तेथेही एक रीत उपलब्ध झाली. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तयार केलेला एसक्यूलाइट हा तर टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेची जोड म्हणूनच जन्मला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो.

या इंटरफेसांनी दोन चांगल्या सवयी सर्वत्र पोहोचवल्या. पहिली जागा-खुणेची. खातेदाराचे नाव प्रश्नाच्या मजकुरात चिकटवले, तर नावाच्या जागी कोणी एसक्यूएलचीच आज्ञा लिहून डेटाबेस बिघडवू शकतो. प्रश्नात केवळ प्रश्नचिन्ह ठेवून नाव स्वतंत्रपणे पाठवले, तर डेटाबेस त्याला नावच मानतो, आज्ञा मानत नाही. दुसरी सवय व्यवहार पूर्ण करण्याची. फेरफारात जुन्या नावाला कंस होणे आणि नवे नाव लागणे ही एकच कृती आहे. पहिली पायरी झाली आणि वीज गेली, तर जमीन कागदोपत्री बिनमालकाची होईल. म्हणून प्रोग्रॅम दोन्ही बदल सांगतो आणि शेवटी कमिट करतो, म्हणजे ते एकदम पक्के करतो. मध्ये काही बिघडले तर रोलबॅकने सर्व पूर्ववत होते.

मराठी नोंदींना आणखी एक अडथळा होता, लिपीचा. देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये निश्चित झाले आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने ते संगणकांत वापरात आणले. शिवाय श्रीलिपीसारख्या फाँटांची सांकेतिक मांडणी स्वतंत्र होती. ड्रायव्हरच्या लेखी हे सारे केवळ बाइट असत. त्यामुळे एका प्रोग्रॅमने लिहिलेले नाव दुसऱ्यात अगम्य चिन्हांच्या रूपात उमटे आणि नावांचा अकारविल्हे क्रमही बिघडे. मायएसक्यूएलला २००४ च्या सुमारास, ४.१ या आवृत्तीपासून, सर्व लिप्यांसाठी एकच असलेले युनिकोड येऊ लागले आणि २००८ मध्ये पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीने मजकूर आणि बाइट यांतील भेद स्पष्ट केला. जोडणी करतानाच अक्षरसंच सांगण्याची प्रथा रुळली, तेव्हा हा प्रश्न बराचसा सुटला.

नावावर विसंबून नोंदी जोडणे धोक्याचे असते, हे या प्रदेशाच्या इतिहासातून दिसते. १९०६ मध्ये खानदेशाची विभागणी झाली, पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. गाव जागचे हलले नाही, कागदावरचा जिल्हा मात्र बदलत गेला. कळसाडीची जुनी आणि नवी नोंद जिल्ह्याच्या नावाने शोधली तर ती दोन गावांची वाटेल. म्हणून गावाला न बदलणारा क्रमांक लागतो. २०२० मध्ये सुधारलेल्या सातबारावर गावाच्या नावासोबत एलजीडी (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) कोड छापला जाऊ लागला, तो याच गरजेतून.

सरकारी खाती एकमेकांशी जोडण्याचे काम महाराष्ट्रात टप्प्याटप्प्याने झाले. नोंदणी विभागात आधी सरिता आणि २०१२ च्या सुमारास आय-सरिता ही प्रणाली आली. महसूल विभागात ई-फेरफार सुरू झाले. नोंदलेल्या दस्ताची माहिती तहसीलकडे ऑनलाइन जाऊन फेरफाराची प्रक्रिया सुरू होणे हा या जोडणीचा गाभा आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार क्रमांकांचे पहिले वाटप झाले होते. आधारच्या पडताळणीत जोडणीची पुढची पायरी दिसते: बाहेरच्या प्रोग्रॅमला डेटाबेस खुला होत नाही, विचारलेल्या माहितीला फक्त होय किंवा नाही असे उत्तर मिळते.

सामाईक इंटरफेसला मर्यादाही आहेत. पहिल्या दहाच ओळी मागायच्या, तर निरनिराळ्या डेटाबेसमध्ये एसक्यूएल निराळी लिहावी लागते. डीबीआय किंवा पायथनचा करार हा फरक झाकत नाही. २००९ मध्ये आलेल्या मोंगोडीबीसारख्या डेटाबेसमध्ये तक्तेच नसल्याने तेथे वेगळे ड्रायव्हर वापरावे लागतात. आणि मुळात चुकीची असलेली नोंद कोणताही ड्रायव्हर दुरुस्त करू शकत नाही. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळत नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश घेऊन ती लेखनचूक सुधारावी लागते. नोंद खरी ठेवणे ही तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार यांची जबाबदारी आहे. ती खरी नोंद कोणत्याही प्रोग्रॅमला जशीच्या तशी मिळवून देणे, हे या इंटरफेसांचे काम आहे.