पाठीचा बाक

भागवताच्या दशम स्कंधात मथुरेच्या राजमार्गावरील एक प्रसंग आहे. कंसाची दासी उटी घेऊन चालली आहे. देह तीन ठिकाणी वाकलेला, म्हणून तिचे नावच त्रिवक्रा. आपण तिला कुब्जा म्हणतो. श्रीकृष्ण तिची पावले आपल्या पायांनी दाबून धरतो, हनुवटीखाली दोन बोटे लावून तिला वर उचलतो, आणि ती सरळ होते. ताण देऊन कणा सरळ करण्याची कल्पना किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

ही कथा मला परवाच्या मे महिन्यात आठवली. जबलपुरात आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या तेरा वर्षांच्या पुतणीच्या कण्याला एका बाजूस बाक असल्याचे निदान झाले. याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढीच्या वयात हा विकार उद्भवतो, मुलींत तो अधिक बळावतो, आणि बहुतेकांत त्याचे कारण सापडत नाही. दप्तराचे ओझे किंवा बसण्याची ढब यांना दोष देणे व्यर्थ होय. डॉक्टरांनी प्लास्टिकचा कठीण पट्टा रोज अठरा तास बांधण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी तो गाद्यांच्या मागे दडवलेला सापडला. आम्ही रागावलो. ती एवढेच म्हणाली, “काका, वर्गात बसताना तो खुर्चीला लागून वाजतो आणि सगळ्या वळून पाहतात.”

या पट्ट्याचा इतिहास मोठा कठोर आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रोझ पारे या शल्यवैद्याने चिलखतकारांकडून लोखंडी कंचुकी करवून घेतल्या. आमचे जबलपूर १९०४ पासून तोफगाड्यांच्या कारखान्याचे गाव. लोखंडाचे आम्हांस नवल नाही. पण चिलखत घडविणाऱ्या हातांनी मुलांच्या अंगाचे माप घ्यावे, हे वाचून मन चरकते. १९४५-४६ च्या सुमारास अमेरिकेत मिलवॉकी येथे ब्लाउंट व श्मिट यांनी कमरेपासून मानेपर्यंत पोचणारा पट्टा केला. त्याचा आधार नेमका हनुवटीखाली येई! श्रीकृष्णाची दोन बोटे क्षणभर होती. हा आधार मुलींनी वर्षानुवर्षे वागविला. १९७० नंतर कपड्यांखाली झाकता येतील असे पट्टे आले.

शस्त्रक्रियेची वाटही अशीच खडतर. १९११ साली न्यूयॉर्कच्या हिब्ज यांनी मणके एकत्र सांधण्याची क्रिया वर्णिली. पुढे ह्यूस्टनच्या हॅरिंग्टन यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी पोलादी दांडी वापरली व १९६२ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या काळी रुग्णास महिनोन्महिने प्लास्टरमध्ये राहावे लागे. आज स्क्रू आणि दांड्यांच्या साह्याने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मूल बहुधा थोड्याच दिवसांत चालू लागते. बाक पंचेचाळीस-पन्नास अंशांपुढे गेला, म्हणजे हा विचार होतो.

पट्टा खरोखर उपयोगी पडतो काय, याचे भक्कम उत्तर मात्र २०१३ साली मिळाले. अमेरिका व कॅनडातील त्या अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक वाढ पुरी होईतो पन्नास अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखाली हे प्रमाण ४८ टक्के होते. जितके तास अधिक, तितका गुण अधिक. आणि पट्ट्यावाचूनही जवळजवळ निम्मी मुले बचावली, हेही विसरता कामा नये.

वीस वर्षे फायलींत काढलेल्या माझ्यासारख्याला अंश आणि टक्के पटकन समजतात. परंतु आज वैद्यक आणखी एक गोष्ट मोजू लागले आहे. दुखते काय, कामे होतात काय, आरशात पाहताना कसे वाटते, मन खिन्न असते काय, असे बावीस प्रश्न रुग्णाला विचारण्याची पद्धत रूढ झाली आहे. क्ष-किरणाच्या छायाचित्रात ही उत्तरे उमटत नाहीत.

भागवतातील तो प्रसंग मी पुन्हा वाचला. त्रिवक्रेला हात लावण्यापूर्वी श्रीकृष्ण तिला विचारतो, तू कोण, आणि ही उटी कोणासाठी? आम्ही पुतणीला काहीच विचारले नव्हते. मग विचारले. तिने हिशेब मांडला: शाळेचे सहा तास वगळले, तरी अठरा उरतातच. डॉक्टरांनी तो मान्य केला. आता शाळेतून आल्यावर पट्टा ती स्वतःच बांधून घेते.