गोदावरीचा उतार

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरची तरुण मंडळी कोलाडला निघाली आहेत. तिथे कुंडलिका नदीच्या खळाळत्या पाण्यात रबरी तराफा लोटून द्यायचा आणि वल्ही मारीत, भिजत, ओरडत काही कोस खाली जायचे, असा एकंदर बेत. हे ऐकून आजींनी प्रथम देवापुढे सुपारी ठेवली आणि मग मुलांची उलटतपासणी आरंभिली. पाणी किती? आणणार कोण? बुडालात तर काढणार कोण? मुलांची उत्तरे तयार होती. डोक्याला टोप, अंगाला तरंगते जाकीट, प्रत्येक तराफ्यावर नदी जाणणारा वाटाड्या. आणि पाणी म्हणाल तर ते आभाळातून लहर लागेल तेव्हा येत नाही. मुळशीच्या धरणाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते आणि तिथून पुढे बेताबेताने नदीत सोडले जाते. ते सुटण्याची वेळ आधी विचारून घ्यायची आणि मगच तराफा पाण्यात घालायचा.

मला ही चौकशी फार आवडली. आमचे शहर, आजचे छत्रपती संभाजीनगर, नदीकाठी वसलेले नाही. खाम नदी आहे, पण तिला नदी म्हणायला पावसाळाच लागतो. तरीही गोदावरी इथून जवळ, आणि तिला पूर असताना पलीकडे कसे जायचे या एका प्रश्नावर या मुलखाचे भवितव्य दोनदा तरी ठरले आहे. त्या दोन्ही वेळच्या हकिकती मी मुलांना सांगितल्या. त्याच वाचकांपुढे ठेवतो.

आधी नदीविषयी दोन शब्द. जिथून पायी वा घोड्यावरून नदी ओलांडता येते त्या जागेला आपल्याकडे उतार म्हणतात. पाणी जिथे निवांत दिसते तिथे बहुधा डोह असतो. जिथे पात्र रुंदावते, खडी-वाळू वर येते आणि पाणी कुरकुरत जाते, तिथे उतार मिळण्याचा संभव. शिवाय उतार काही कायमचा नसतो. एका पुरात वाळू हलली की गेल्या वर्षीची वाट यंदा गळ्याइतकी खोल होते. गोदावरीची आणखी एक खोड अशी की पाऊस पडतो त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात आणि पूर येतो पैठणला! आपल्या डोक्यावर लख्ख ऊन, पायाखाली वाळू कोरडी, आणि अकस्मात नदी गढूळ होऊन फुगू लागते. 1976 साली जायकवाडीचे धरण पुरे झाल्यापासून हा लोंढा नाथसागरात अडतो. त्यापूर्वी पावसाळ्यात नावाडी, भोई आणि कोळी हेच नदीचे पंचांग होते. नाव नसेल तेव्हा सुक्या भोपळ्यांची सांगड बांधून पोहणारे होतेच. पण सांगडीवरून तोफ नेता येत नाही.

पहिली हकिकत 1763 सालची. पानिपतचा घाव ताजा होता. निजाम अलीने त्याच वर्षी पुणे लुटून जाळले होते, आणि मराठ्यांनी निजामाच्या मुलखात धुमाकूळ घातला होता. पावसाळा अंगावर आला तेव्हा निजाम औरंगाबादेकडे परतू लागला. वाटेत गोदावरी आडवी. आजच्या बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनाजवळ फौज नदी उतरू लागली. स्वतः निजाम बऱ्याच फौजेनिशी उत्तर तीरावर गेला. दक्षिण तीरावर मागे राहिला त्याचा दिवाण राजा विठ्ठल सुंदर, उरलेले सैन्य घेऊन. नदीला पूर होता.

फौज अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे, आणि मध्ये दुथडी भरलेली नदी, याहून वाईट स्थिती सेनापतीला येत नाही. ही संधी साधण्यासाठी मराठे वेगाने दौडत आले. 10 ऑगस्ट 1763 रोजी गाठ पडली. प्रथम राघोबादादांच्या तुकडीवर बिकट प्रसंग आला. तेव्हा माधवराव पेशवे मदतीला धावले. वय अवघे अठरा. विठ्ठल सुंदर रणात पडला, फौजेची दाणादाण झाली, आणि निजाम अली हे सारे पैलतीरावरून पाहत राहिला. त्याच्यापाशी माणसे होती, घोडे होते. नव्हती ती फक्त नदी ओलांडण्याची सोय. पुढे सप्टेंबरात औरंगाबादेस तह झाला आणि निजामाला मोठा मुलूख सोडून द्यावा लागला.

मला येथे राहून राहून एक गंमत वाटते. याच निजाम अलीचा बाप, निजामुल्मुल्क, 1728 साली वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावापुढे वाकला, तो पाण्यावाचून कोंडला गेल्यामुळे. बापाला पाणी मिळाले नाही म्हणून हार, मुलाला पाणी फार झाले म्हणून!

दुसरी हकिकत बरोबर चाळीस वर्षांनंतरची. निजाम अली 6 ऑगस्ट 1803 रोजी हैदराबादेस वारला. त्याच महिन्यात एक इंग्रज सेनापती अहमदनगरचा किल्ला घेऊन गोदावरीवर आला. नाव आर्थर वेल्स्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. आपल्या स्वातंत्र्याचा हा वैरी, त्याचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. पण शत्रूची तयारी न्याहाळावी, असे आपलेच जुने मुत्सद्दी मानीत.

सगळे जग पावसाळ्यात मोहीम थांबवी. दसऱ्याला सीमोल्लंघन करण्याची आपली रीत त्यातूनच आली. वेल्स्लीने उलटा हिशेब केला. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या भरल्या म्हणजे मराठ्यांचे घोडदळ अडते; आपल्याजवळ नावा असतील तर तोच काळ आपल्याला सोयीचा. हे तो 1800 साली धोंडिया वाघाचा पाठलाग करताना कर्नाटकातल्या नद्यांवर शिकला होता. तिथल्या लोकांच्या बांबूच्या गोल टोपल्या, बाहेरून कातडे मढवलेल्या, आठ-दहा फूट व्यासाच्या. तुंगभद्रेवर त्या आजही दिसतात. टोपली गरगर फिरते, पण खडकावर आपटून सहसा फुटत नाही, आणि बांबू व कातडे कुठल्याही गावी मिळते. युद्ध सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्याने नद्यांवर अशा टोपल्या करून ठेवण्याचे हुकूम सोडले. म्हणूनच 24 ऑगस्टपर्यंत त्याची फौज, तोफा आणि सामानसुमान गोदावरीपार झाले आणि 29 तारखेला तो औरंगाबादेत पोहोचला. ज्या नदीने निजामाची फौज दुभंगली, तीच याला चार दिवसांची अडचण ठरली.

खरी कसोटी पुढेच होती. 23 सप्टेंबरला भोकरदनजवळ केळना नदीच्या पलीकडे शिंदे-भोसल्यांचा प्रचंड तळ अचानक समोर आला. टोपल्या उतरवायला सवड नव्हती. वाटाडे एकमुखाने सांगू लागले की इथे उतार नाही. खरेच ठाऊक नव्हते, की परक्याला सांगायचे नव्हते, देव जाणे. मला दुसरे कारण अधिक पटते. वेल्स्लीने दुर्बिणीतून पाहिले. नदीच्या अलीकडे पिंपळगाव, आणि नेमके समोर, पलीकडे, वरुड. दोन गावे इतकी समोरासमोर, इतकी जवळ वसली आहेत, तर त्यांचे जाणेयेणे असलेच पाहिजे. सोयरीक, बाजार, जत्रा, उसने मीठमिरची. हे काही नदी बघत बसत नाही. त्याने एका अधिकाऱ्याला पुढे धाडून पाहणी करविली. उतार निघाला. तिथून तोफांच्या माऱ्यात फौज पार झाली. पाण्यातच त्याच्या शेजारच्या स्वाराचे डोके तोफगोळ्याने उडाले. त्या संध्याकाळपर्यंत असईचे मैदान त्याच्या हाती आले, पण त्याचेही दीड हजारांवर लोक ठार वा जखमी झाले. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, तोफांशेजारीच ते मेले. ही गोष्ट इंग्रजांनीच लिहून ठेवली आहे.

सांगता सांगता रात्र झाली. धाकट्याने विचारले, ‘‘काका, मग विठ्ठल सुंदराने नावा आधी का जमवल्या नाहीत?’’ मी म्हटले, पावसाळा होता, लुटीचे ओझे होते, शत्रू दूर आहे असे वाटत होते. त्यावर आजी म्हणाल्या, ‘‘म्हणजे विचारलेच नाही कोणी.’’

मंडळी परवा पहाटे निघतात. पाणी सुटण्याची वेळ फोनवर पुन्हा एकदा विचारून झाली आहे. आजींनी चकलीचा डबा दिला, आणि तो तराफ्यात न्यायचा नाही, काठावरच ठेवायचा, अशी ताकीदही दिली.