सर्किट बोर्डाची धुलाई : जलाधारित रसायने
सर्किट बोर्डाला (पीसीबीला) डाख दिल्यावर मागे राहणारा फ्लक्स, म्हणजे डाख नीट बसावा म्हणून वापरलेले द्रव्य, पाण्याच्या आधारे काढणारी द्रावणे. पूर्वी कारखान्यांत हे काम सीएफसी-११३ हे विद्रावक करी. ते ओझोनच्या मुळावर उठल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात त्याच्यावर बंधने आली. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. त्या विद्रावकाची जागा घेणाऱ्यांपैकी ही द्रावणे.

रसायन ठरते ते फ्लक्सवरून. सेंद्रिय आम्लाचा, पाण्यात विरघळणारा फ्लक्स नुसत्या गरम शुद्ध पाण्यानेही निघतो. राळेचा निघत नाही. राळ मुळात आम्ल. तिला अल्कधर्मी द्रावण भेटले की तिचाच साबण होतो आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. ‘नो-क्लीन’ फ्लक्स शक्यतो तसाच ठेवावा. अर्धवट धुतला तर त्याचे कवच फुटते, आतली आम्ले उघडी पडतात आणि न धुतलेला बोर्ड परवडला म्हणायची वेळ येते. दमट हवेत अशा अवशेषांतून धातूचे आयन सरकतात, बोर्डावरच्या दोन तांब्याच्या वाटांमध्ये नेच्याच्या पानासारखे तंतू वाढतात व शॉर्ट होते.

दुसरी कसोटी बोर्डावरच्या भागांची. तीव्र अल्कली अॅल्युमिनियम खाते. तिथे उदासीन किंवा गंजरोधक घातलेले द्रावण हवे. उघडे रिले, बझर, ट्रान्सफॉर्मर यांना बुडवून धुणे मानवत नाही. खानदेशातल्या पारोळ्यासारख्या गावात दुरुस्तीला येणाऱ्या पाण्याच्या मोटारीच्या ऑटोस्विचच्या बोर्डावर नेमके रिले आणि ट्रान्सफॉर्मरच असतात. तेव्हा तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने जागच्या जागी पुसणेच शहाणपणाचे.

सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे खळबळण्याचे पाणी. खानदेशात बोअरच्या जड पाण्यात साबण का फेसाळत नाही हे घरोघरी ठाऊक आहे. बोर्डावरही तेच घडते. कॅल्शियम-मॅग्नेशियम राळेच्या साबणाला धरतात आणि पांढरा थर बसतो. दोष मात्र रसायनाच्या डब्याला दिला जातो. कारखान्यात यासाठी आयनमुक्त पाणी वापरतात; दुरुस्तीच्या टेबलावर निदान इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर तरी हवे. चिपखालच्या फटीत शिरणे पाण्याला जड जाते, कारण त्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. द्रावणातील पृष्ठसक्रिय द्रव्ये तो निम्म्यावर आणतात. द्रावण फटीत शिरते म्हणूनच ती द्रव्येही नंतर पूर्ण निघावी लागतात, आणि बोर्ड वीज जोडण्यापूर्वी फटींपर्यंत कोरडा व्हावा लागतो.

धुण्याच्या पाण्यात डाखातले शिसे उतरू शकते. ते गटारीत ओतू नये.