सनद आणि थांबण्याची ऐपत

मी मावळातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दरवर्षी परीक्षा संपल्या की दोन-चार विद्यार्थी घरी येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, वकिली करायची आहे. कुठल्या कॉलेजला नाव आहे?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरात पहिलीच पदवी येणार आहे, त्याने चांगल्या कॉलेजची चौकशी करू नये असे कोण म्हणेल? परंतु मला हा प्रश्न अपुरा वाटतो. आपल्या समाजाच्या वकिलीचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर कॉलेजचे नाव हा त्यातला निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा भाग निराळाच आहे : सनद हाती आल्यानंतरची पहिली काही वर्षे कमाईवाचून काढण्याची ऐपत कोणापाशी होती? या दुसऱ्या प्रश्नाची चर्चा आपण फारशी करीत नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

सुरुवात घरापासून करतो. माझे वडील खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचे गँगमन होते. थोरला भाऊ, आमचा दादा, लोणावळा-पुणे लोकलने जाऊन-येऊन एल्‌एल. बी. झाला. सनद काढायला पैसे हवे होते. आईची बोरमाळ सावकाराकडे गेली. मग दादा एका वकीलसाहेबांकडे ज्युनिअर म्हणून बसू लागला. वर्षभर त्याने तारखा घेतल्या, फायली वाहिल्या, झेरॉक्स काढल्या. महिन्याकाठी हाती पडे ते लोकलच्या पासाला आणि चहाला पुरे. पक्षकार आले की आधी आडनाव विचारीत आणि मग "मोठे साहेब कधी येतील?" असे विचारीत. अडीच वर्षांनंतर दादाने तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. त्याचा काळा कोट अजून आईच्या ट्रंकेत आहे. दादाला कायदा येत नव्हता असे नाही. त्याच्या वर्गातल्या ज्या मुलांचे वडील वा मामा वकील होते, ती मुले आज स्थिरावली आहेत. त्यांना थांबता आले, दादाला थांबता आले नाही, एवढाच फरक.

हा फरक आजचा नाही. तो १९२३ मध्येही होता आणि त्या वेळी तो एका असामान्य माणसाच्या वाट्याला आला होता. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही नावे त्यांच्या पाठीशी होती. त्या काळच्या मुंबईत याहून मोठे 'नाव' कोणत्या तरुण वकिलाजवळ होते? तरीही १९२३ साली उच्च न्यायालयात वकिली सुरू करताना सनदेच्या पैशांसाठी त्यांना नवल भथेना या मित्राची मदत घ्यावी लागली.

त्या काळी उच्च न्यायालयातल्या बॅरिस्टरकडे पक्षकार थेट येत नसे. काम सॉलिसिटरमार्फत येई. म्हणजे तरुण बॅरिस्टरचे भवितव्य सॉलिसिटरांच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि ही मर्जी ओळखीपाळखीतून, नात्यागोत्यातून व जातीच्या वर्तुळातून फिरे. अस्पृश्य बॅरिस्टरला काम देण्यास सॉलिसिटर तयार नव्हते. ग्रेज इनची पदवी भिंतीवर टांगता येत होती, पण तिने तो दरवाजा उघडला नाही. तेव्हा बाबासाहेबांनी जिल्ह्यांच्या कोर्टांतली कामे घेतली आणि १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावला. पुढे ते शासकीय विधि महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९३५ साली त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आपण अभिमानाने प्राचार्यपद सांगतो. त्याआधीची उमेदवारीची वर्षे सांगत नाही. आजच्या विद्यार्थ्याला खरी गरज आहे ती या वर्षांच्या इतिहासाची.

या काळात त्यांच्याकडे कोण आले, हेही पाहण्यासारखे आहे. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदी ब्राह्मणेतर चळवळीतील मंडळींवर पुण्यात खटला झाला. १९२६ साली अपिलात बाबासाहेबांनी त्यांना सोडवले. महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा १९२७ साली दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला १९३७ च्या मार्चमध्ये. एका तळ्याच्या पाण्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ तारखा! सत्याग्रह एका दिवसाचा असतो, दावा दशकाचा असतो. जो समाज आपल्या वकिलाला दहा वर्षे उभा ठेवू शकत नाही, त्याने जिंकलेला सत्याग्रहदेखील कोर्टात हरण्याचा धोका असतो.

याच काळात दुसरी एक वाट दिसली होती. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. त्या सनदांमागे कोणत्याही कॉलेजचे नाव नव्हते. महाराजांनी ओळखले होते की सनद ही सत्तेने द्यायची गोष्ट आहे, आणि आजवर ती ठरावीक घरांनाच मिळत आली आहे. टीकाकारांनी तेव्हा 'लायकी'चा प्रश्न काढला असेल, तर त्यात नवल नाही. लायकीचा प्रश्न आपण आत शिरू लागलो की हमखास निघतो.

आता कॉलेजांच्या नावाकडे वळू. मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय १८५५ चे, पुण्याचे आय. एल. एस. १९२४ चे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधि महाविद्यालय १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षात निघाले. कायद्याचे शिक्षण पुष्कळ काळ सकाळ-संध्याकाळच्या वर्गांतून चाले. शिक्षणाच्या दर्जाच्या दृष्टीने त्यावर टीका झाली. स्वतः बाबासाहेबांनी प्राचार्य असताना १९३६ साली कायदेशिक्षणाच्या सुधारणेविषयी लेख लिहिला. परंतु याच वर्गांतून पोस्टातला, रेल्वेतला, गिरणीतला माणूस नोकरी सांभाळून कायदा शिकू शकला. पोट आणि पुस्तक यांचा मेळ बसवण्याची ती एक जागा होती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस बंगलोरला राष्ट्रीय विधि विद्यालय सुरू झाले आणि प्रतिष्ठेची नवी व्यवस्था आली. बारावीनंतर पाच वर्षांचा निवासी अभ्यासक्रम, देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा आणि शेवटच्या वर्षी मोठ्या लॉ फर्मची दारात हजेरी. महाराष्ट्रातही मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथे अशी विद्यापीठे निघाली. २००८ पासून सुरू झालेली 'क्लॅट' ही त्यांची प्रवेशपरीक्षा इंग्रजीतूनच होत आली आहे. तिच्या तयारीचे शिकवणी वर्ग महागडे, आणि प्रवेश मिळाल्यावरची फी वर्षाला लाखांत मोजावी लागते. वडेश्वर वा खांडशीच्या बाजूच्या मुलीने मराठी शाळेत कितीही गुण मिळवले, तरी ती या शर्यतीत पहिल्याच वळणावर मागे पडते. राखीव जागा असूनही मागे पडते.

येथे माझा गैरसमज करून घेऊ नये. या विद्यापीठांकडे पाठ फिरवा असे मी सांगत नाही. बाबासाहेब ग्रेज इनला गेले; आपली मुले बंगलोरला आणि मुंबईला गेलीच पाहिजेत. राखीव जागा भरल्या गेल्याच पाहिजेत, त्यासाठी मुलांना आठवी-नववीपासून इंग्रजी दिलेच पाहिजे. पण नावाची भुरळ पडताना दोन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. एक, नाव मिळवलेल्या आपल्या मुलालाही आत गेल्यावर आडनाव विचारले जाते. १९२३ च्या सॉलिसिटरची जागा आज फर्मने आणि सिनिअरच्या चेंबरने घेतली आहे. शिफारस कोणाची, हा प्रश्न तोच आहे. दोन, बहुसंख्य मुले या विद्यापीठांत जाणार नाहीत. ती जवळच्या कॉलेजांतून तीन वर्षांची पदवी घेतील आणि तालुक्याच्या कोर्टात उभी राहतील. त्यांचे काय?

गेल्या काही वर्षांतील तीन घटना या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १९६१ च्या वकील अधिनियमात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी बार कौन्सिलांना घेता येणार नाही. ती रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये आहे. काही राज्यांत निरनिराळ्या नावांखाली ४० हजारांच्या वर रक्कम घेतली जात होती. हा निकाल मी घरी वाचून दाखवला, तेव्हा आई म्हणाली, "मग माझी बोरमाळ?" मला उत्तर सुचले नाही.

दुसरी घटना ऑक्टोबर २०२४ ची. ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक बार कौन्सिल ऑफ इंडियाने काढले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. तिसरी घटना २० मे २०२५ ची. कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षे वकिली केलेली असावी, ही २००२ साली काढून टाकलेली अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केली. अनुभवाचे महत्त्व कोणी नाकारत नाही. परंतु पदवीनंतर लगेच परीक्षा देऊन न्यायाधीश होणे, ही आपल्या मुलामुलींसाठी सिनिअर आणि शिफारस टाळून वर जाण्याची वाट होती. त्या वाटेवर आता तीन वर्षांचा पूल आला, आणि पुलाचा टोल ज्याचा त्याने भरायचा आहे.

याचा परिणाम वरपर्यंत पोचतो. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून जुलै २०२३ पर्यंत उच्च न्यायालयांत ६०४ न्यायाधीश नेमले गेले. त्यांत अनुसूचित जातींचे १८ आणि अनुसूचित जमातींचे ९ होते. ही आकडेवारी पाहून लायकीचा प्रश्न काढणाऱ्यांनी तालुक्याच्या कोर्टातून अडीच वर्षांत परत गेलेल्या काळ्या कोटांची गणती आधी करावी.

आणि आमच्या मावळाला वकील नको आहेत काय? द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि दोन्ही बाजूंच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. महार वतनाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली, जमिनी पुन्हा कसणाऱ्यांच्या नावे झाल्या, परंतु जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या विकता येणार नाहीत अशी अट पडली. ही अट माहीत नसलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा कोऱ्या कागदावर घेणारे दलाल प्रत्येक गावात आहेत. सातबारावरचा शेरा आणि फेरफारातली नोंद वाचून "थांबा, अंगठा देऊ नका," असे सांगणारा आपला माणूस मात्र गावात नाही. पवना धरणग्रस्तांच्या पिढ्या पुनर्वसनासाठी कागद घेऊन फिरल्या. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघे शेतकरी मेले. अशा भूमीत नामांकित विद्यापीठातून बाहेर पडलेला आमचा वकील मुंबईच्या फर्मकडे जाताना लोणावळ्याला गाडी थांबवतो ती चिक्की घेण्यापुरती, आणि दादासारखा थांबू पाहणारा वकील कारखान्यात जातो.

तेव्हा प्रश्न बदलला पाहिजे. 'कुठल्या कॉलेजला नाव आहे?' या प्रश्नाला जोडून 'पहिली तीन वर्षे कोण पोसणार?' असे विचारले पाहिजे, आणि याचे उत्तर एकट्या विद्यार्थ्यावर टाकता कामा नये. १५ हजारांची शिफारस सक्तीची व्हावी आणि आपल्या ज्युनिअरांचे विद्यावेतन शासनाने भरावे, ही मागणी संघटनांनी लावून धरावी. तोपर्यंत आपण काय करू शकतो? या तालुक्यात शिक्षक, रेल्वेतले व लष्करी डेपोतले कामगार, बँकेतले कर्मचारी असे आपले पगारदार लोक आहेत. जयंतीच्या वर्गणीत आपण मागे राहत नाही, आणि राहूही नये. पण देहूरोडला, जेथे बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेथे दरवर्षी जमणाऱ्यांपैकी ५० पगारदारांनी महिन्याला ३०० रुपये दिले तरी १५ हजार होतात. एका ज्युनिअर वकिलाचा महिना निघतो. तीन वर्षांनी तो न्यायाधीशाच्या परीक्षेला बसेल किंवा वडगावच्या कोर्टात आपल्या पायावर उभा राहील, आणि मग पुढच्या मुलाला हात देईल. नवल भथेनांनी एका मित्रासाठी जे केले, ते एका समाजाला आपल्या मुलांसाठी करता येऊ नये काय?

यंदा आलेल्या मुलांमध्ये एक मुलगी होती. वडील वीटभट्टीवर, आई लोणावळ्याच्या बंगल्यांत धुणीभांडी करणारी. तिनेही कॉलेजचे नाव विचारले. मी माहीत होती ती नावे सांगितली, अर्ज भरून दिला. मग ती म्हणाली, "आणि नंतर, सर?" मी तिला दादाकडे घेऊन गेलो. दादाने तिचे सगळे ऐकून घेतले आणि आमच्या वहीत पहिल्या ३०० रुपयांपुढे आपले नाव लिहिले. उरलेली ४९ नावे मी शोधतो आहे.