ड्रायस्टोन: एका मोजपट्टीचा इतिहास

संगणकाचा वेग मोजण्यासाठी त्याच्याकडून नेमके कोणते काम करून घ्यावे? १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये या प्रश्नाला एक उत्तर मिळाले. खऱ्या वैज्ञानिक प्रोग्रॅममध्ये कोणत्या सूचना किती वेळा येतात, याची मोजदाद ब्रायन विचमन यांनी केली होती. तिच्या आधारे हॅरॉल्ड कर्नो यांनी एक कृत्रिम प्रोग्रॅम रचला, तो व्हेटस्टोन. त्याचा भर फ्लोटिंग पॉइंटवर होता.

ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कंपायलर यांच्या कामात मात्र फ्लोटिंग पॉइंट जवळजवळ नसतो. म्हणून सीमेन्समधील राइनहोल्ड वाइकर यांनी १९८४ मध्ये पूर्णांक, स्ट्रिंग आणि फंक्शन कॉल यांवर बेतलेला ड्रायस्टोन लिहिला. (इंग्रजीत 'व्हेट' हे 'वेट' म्हणजे ओले असे ऐकू येते, म्हणून हा ड्राय!) मूळ प्रोग्रॅम एडा भाषेत होता, पण पसरला तो सी भाषेतून. लहान, फुकट, कुठेही चालणारा आणि शेवटी एकच आकडा देणारा. व्हॅक्स ११/७८० हे यंत्र सेकंदाला १७५७ फेऱ्या करी. तेवढा वेग म्हणजे १ मिप्स, असा संकेत पडला.

दोषही त्या लहानपणातूनच आले. अख्खा प्रोग्रॅम कॅशमध्ये मावतो, त्यामुळे मेमरी किती संथ आहे हे कळतच नाही. बराच वेळ ३० अक्षरांच्या स्ट्रिंगची नक्कल करण्यात जातो. लांबी आधीच ठाऊक असल्याने कंपायलर एकेका अक्षराऐवजी चार-चार अक्षरे एकदम उचलतो. खऱ्या प्रोग्रॅममध्ये ही सोय क्वचितच मिळते. त्याहून गंमत म्हणजे, काढलेले उत्तर पुढे कुठेच वापरले जात नाही हे ओळखून हुशार कंपायलर ती आकडेमोडच गाळून टाकत. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत वाइकर यांनी उत्तरे शेवटी छापायला लावली, प्रोग्रॅम दोन फाइलींत विभागला, आणि फंक्शन एकमेकांत मिसळू नयेत असा नियमही घातला. प्रयत्न प्रामाणिक होता, पण माझ्या मते डाव हरलेलाच होता: यंत्र विकणाऱ्याला प्रश्नपत्रिका आधीच माहीत होती.

१९८८ मध्येच स्पेक ही संस्था स्थापन झाली. तिच्या स्पेक८९ संचात दहा प्रोग्रॅम होते, त्यांत जीसीसी आणि स्पाइससारखे रोजच्या वापरातलेही. तरीही मॅट्रिक्स३०० फसला. त्याचा जवळजवळ सगळा वेळ मॅट्रिक्सच्या गुणाकारात जाई. कंपायलरांनी त्या गुणाकाराचे लहान ठोकळे पाडून ते कॅशमध्ये बसवले. त्या एका प्रोग्रॅमचा आकडा कित्येक पटींनी वाढला आणि संचाची सरासरीही वर गेली. स्पेक९२ मधून तो वगळण्यात आला. पुढे १९९५, २०००, २००६ आणि २०१७ मध्ये संच बदलत गेले. मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये मात्र डीमिप्स आजही छापलेले दिसते. ते म्हणजे सेकंदाला होणाऱ्या ड्रायस्टोनच्या फेऱ्या भागिले १७५७.