आधी कुणाचे

आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा शुभवर्तमानातलं त्यांना फारसं काही कळत नव्हतं, असं आजी बिनदिक्कत सांगायची. पाळकसाहेब घरी आले असले तरीही.

अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरात १८३१ साली ठाण मांडलं. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांत हरिपंत खिस्तींसारखे ब्राह्मण होते. पुढं खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार-मांग वस्त्यांतून. १८७६-७८च्या दुष्काळानंतर ओघ वाढला आणि ‘पोटासाठी बाटले’ हा शिक्काही बसला. आजी तो नाकारायची नाही. “भूक होतीच की! भुकेल्याला कुनी आपलं म्हनलं, त्यात लाजायचं काय?”

पणजोबा गावचे येसकर. वर्दी देणं, सांगावे पोचवणं, मेलेलं जनावर ओढून नेणं, आणि बदल्यात बलुतं नि शिळ्या भाकरी. मंडळीत आल्यावर आधी सुटलं ते मढ्याचं मांस. मिशनची ताकीद होतीच. पण आजीच्या मते खरं कारण पंगत. ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, त्यांच्यात मान खाली जाऊ नये. मग आला रविवार. चावडीवरून बोलावणं आलं तरी पणजोबा उपासना आटोपूनच जायचे. त्या सुगीला खळ्यावरचा त्यांचा वाटा आखडला. त्यांनी रविवार सोडला नाही.

“आपुन कुनाचे हे आदी ठरलं. वागायचं कसं ते मागनं आलं,” आजी म्हणायची. उपदेशकांचा क्रम बहुधा उलटा असतो: आधी सुधारा, मग आत या. मला आजीचा पटतो. निदान आमच्या घरात तरी तसंच घडलं.

कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले नि नगरच्या मिशनात काम करू लागले. आपलं माणूस तुटणं म्हणजे काय, हे त्यांनीही भोगलं. पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो पाच वर्षांनी. टिळकांची पदं आमच्या मंडळीत अजून पेटी-टाळांवर म्हणतात. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली. मला हे फार मोठं वाटतं. आजीचा शेरा वेगळा: “त्यास्नी पगार सोडता आला. आपल्याकडं सोडायला पगार कुटं व्हता?”

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढं शीख आणि बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. मंडळीतली काही घरं दाखल्यावर एक, रविवारी दुसरी झाली. आजीनं त्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

नावं ठेवली ती स्वतःच्याच माणसांना. मांगवाड्यातली घरं मंडळीत आली तेव्हा प्रभुभोजनाचा एकच प्याला ओठाला लावायला आमच्यातलेच काही कुरकुरले. पणजी पुढं झाली, मांगाच्या म्हातारीनंतर तोच प्याला घेतला नि घोटभर प्याली. हे सांगताना आजीचा आवाज चढायचा. सोयरिकीचं विचारलं की मात्र ती चुलीकडं वळायची. धाकट्या आत्यानं त्याच वस्तीतला मुलगा निवडला, तेव्हा पणजीच्या प्याल्याची कुणीतरी आजीला आठवण करून दिली. आजी लग्नाला गेली, पण रुसूनच. आणि जेवली नाही.