देवचाफ्याची फांदी

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी असताना माझ्या टेबलावर एकाच झाडासंबंधी दोन अर्ज आले. झाड होते एका जुन्या देवळाच्या ओवरीलगतचे, पांढऱ्या चाफ्याचे. कोणी त्याला खुरचाफा म्हणतात, कोणी देवचाफा. देवस्थानच्या पंचांना आवारात फरशी घालावयाची होती आणि झाड आड येत होते. पण फरशीचा उल्लेख त्यांनी अर्जाच्या तळाशी ओझरता केला होता. मुख्य मुद्दा असा, की हा वृक्ष मूळचा परदेशी असून देवाच्या दारात त्याला स्थान नाही. दुसरा अर्ज ग्रामस्थांचा. हे झाड पांडवांनी अज्ञातवासात आपल्या हातांनी लावले असून त्याला धक्का लावणे म्हणजे पाप, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही पक्षांनी इतिहासाला साक्षीस बोलावले होते. इतिहास घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला हा मोह टाळणे कठीण. त्या प्रकरणापायी मी या झाडाच्या वंशावळीच्या मागे लागलो.

प्रथम नावांची साक्ष काढू. आपल्या जुन्या वाङ्मयातला चंपक म्हणजे सोनचाफा. सोन्याच्या रंगाचा, पुष्कळ पाकळ्यांचा. पाच पाकळ्यांच्या, तोडताच देठातून दूध गाळणाऱ्या या झाडाशी त्याचे काही नाते नाही. केवळ सुगंधाच्या साम्यामुळे मराठीने त्याला चाफ्याच्या घरात घेतले. बंगालीत तो काठगोलाप झाला, म्हणजे लाकडी गुलाब. तेलुगूत देवगन्नेरु, कन्नडात देवकणगिलु. दोहोंचा अर्थ देवाची कण्हेर. सिंहली भाषेत तो अरलिया आहे आणि शेजारच्या तमिळमध्ये अरळी म्हणजे कण्हेरच. येथे दक्षिणेच्या लोकांचे कौतुक केले पाहिजे. वनस्पतिशास्त्रही या झाडाला कण्हेरीच्याच कुळात घालते. शास्त्रज्ञांची वाट न पाहता त्या लोकांनी पानावरून आणि चिकावरून भाऊबंदकी अचूक ओळखली. परंतु मुद्दा असा, की यांपैकी एकाही भाषेत या झाडाला स्वतःचे नाव नाही. सगळी नावे दुसऱ्या कोणाची उसनी घेतलेली आहेत. मलय लोक तर त्याला कंबोजा म्हणतात, म्हणजे तो कंबोडियाहून आला अशी त्यांची समजूत. गावात राहावयास आलेल्या नव्या माणसाला आपण ‘अमक्याचा पाहुणा’ म्हणतो, तसाच हा प्रकार.

त्याचे स्वतःचे नाव सापडते ते मेक्सिकोत. तेथील नाहुआत्ल भाषेत तो ‘काकालोशोचित्ल’ आहे. काकालोत्ल म्हणजे कावळा आणि शोचित्ल म्हणजे फूल. इतक्या गोऱ्या फुलाला कावळ्याचे नाव का मिळाले, हे कोडे मला उलगडलेले नाही. स्पॅनिश लोकांनी ॲझटेक राज्य घेतले त्यानंतर तीस-एक वर्षांनी, 1552 साली, मार्तिन दे ला क्रुस नावाच्या देशी वैद्याने तेथील औषधी वनस्पतींचे एक सचित्र पुस्तक सिद्ध केले आणि हुआन बादियानो या दुसऱ्या देशी पंडिताने ते लॅटिनमध्ये उतरवले. त्यात या फुलाची गणना आहे, आणि ती कोठे म्हणाल, तर राज्यकारभार पाहून थकलेल्या अधिकाऱ्यांचा शीण घालवण्याच्या उपचारात! अनेक सुगंधी फुलांसह याचेही पाणी करून त्यांच्या अंगाला लावावे, असे तो वैद्य सांगतो. आमच्या सेवानियमांत अशी तरतूद नाही, एवढे नमूद करून पुढे जातो.

युरोपीय विद्वानांच्या दप्तरात त्याची नोंद व्हावयास आणखी दीडशे वर्षे लागली. चौदाव्या लुईच्या आश्रयाने शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच संन्याशाने 1689 ते 1697 या काळात वेस्ट इंडीज बेटांच्या तीन सफरी केल्या आणि तेथील वनस्पतींची चित्रे काढली. त्याच्या सन्मानार्थ झाडाच्या वंशाला प्लुमेरिया हे नाव मिळाले. तोवर झाडाने स्वतः अर्धी पृथ्वी ओलांडली होती. आंबोन बेटावर डचांच्या चाकरीत राहून, दृष्टी गेल्यावरही वनस्पतींचा ग्रंथ लिहवून घेणाऱ्या रुम्फियसने त्याचे वर्णन करून ठेवले आहे, आणि रुम्फियस 1702 मध्ये वारला.

ही मजल त्याने कशी मारली? फिलिपाइन्समध्ये या फुलाला कालाचुची म्हणतात. काकालोशोचित्ल आणि कालाचुची ही दोन नावे एकापाठोपाठ उच्चारून पाहावीत. अपभ्रंश कानालाच कळतो. मेक्सिकोतील आकापुल्को बंदरातून मनिलाला स्पॅनिश गलबते 1565 पासून 1815 पर्यंत जात असत. चांदीने भरलेल्या त्या गलबतांतून झाडही आले, आणि नाव बरोबर घेऊन आले. तेथून पुढे मात्र नाव गळून पडले, झाड तेवढे पुढे गेले. हिंदुस्थानात ते नेमके मनिलाच्या वाटेने आले की पोर्तुगीजांच्या हातून, याविषयी मी पैज लावणार नाही. पोर्तुगीजांनी अननस आणि काजू आणले, तसा हाही आणला असणे अशक्य नाही.

आता हा सागरी प्रवास सुमारे तीन महिन्यांचा. खारे वारे, गोड्या पाण्याची टंचाई. वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने रोपे नेण्यासाठी बंद काचपेटी काढली आणि 1833 साली ती प्रथम ऑस्ट्रेलियाला पाठवून पाहिली. त्यापूर्वी जहाजावर चढवलेली बहुतेक रोपे वाटेतच मरत. मग देवचाफा कसा जगला? याचे उत्तर कोणत्याही दप्तरखान्यात नाही. ते आपल्या परसात आहे.

ज्यांनी घरी चाफा लावला आहे त्यांना ठाऊक असेल, की याची ताजी फांदी लगेच मातीत खोचली तर ती बहुधा कुजते. उन्हाळ्याच्या तोंडी, झाड निष्पर्ण असताना, हात-दीड हात लांबीची, करडी साल धरलेली फांदी घ्यावी. कापताच पांढरा चीक वाहू लागतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये, कातडीलाही सोसत नाही. पाने असतील तर खुडून टाकावीत, आणि मग ती फांदी सावलीत एखाद्या कोपऱ्यात आठ-पंधरा दिवस विसरून जावी. विसरून जाणे हाच या विद्येतला मुख्य भाग आहे. कापलेले टोक सुकून त्यावर खपली धरली, की रेताड मातीत चार बोटे खोल रोवावी, आधाराला काठी द्यावी आणि पाण्याचा हात आखडता घ्यावा. नव्या माळ्याचा चाफा तहानेने मरत नाही, लाडाने मरतो. दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. तोवर जी पालवी फुटते ती फांदीने जवळ बाळगलेल्या शिदोरीवर.

म्हणजे गलबताच्या तळाशी कोरड्या पडून राहणे, ही इतर रोपांना देहदंडाची शिक्षा, ती या फांदीची पूर्वतयारीच होती. उपटून टाकलेला चाफाही आडवा पडल्या जागी फुलतो, म्हणून तर पूर्वेकडे कोठे देवळापाशी आणि कोठे थडग्यांपाशी त्याला अमरत्वाचे चिन्ह मानून लावले गेले. बियांचे त्याला फारसे अगत्य नाही. त्याच्या फुलात मध नसतो. रात्री सुगंधाने पतंगांना भुलवावे आणि रिकाम्या हाती परत पाठवावे, अशी त्याची रीत. आपल्याकडे जोडशिंगांसारखी शेंग क्वचित धरते, आणि बियांपासून आलेले झाड आईसारखे फुलेलच असे नाही. त्यामुळे एखाद्या आजीने माहेरच्या झाडाची फांदी आणून लावली असेल, तर तिच्या दारातले झाड हे माहेरच्या झाडाचे अपत्य नव्हे, तेच झाड होय. अलीकडच्या दशकांत पावसाळ्यात त्याच्या पानांखाली नारिंगी भुकटीचा तांबेरा दिसतो. तो रोगही अमेरिकेचाच, गाववाल्याच्या पाठोपाठ आलेला.

इतके जमवल्यावर निकाल देणे सोपे व्हावयास हवे होते. ते अधिकच अवघड झाले. पांडवांचा पक्ष उघडच टिकत नव्हता. पण पंचांचा तरी कोठे टिकत होता? ज्या झेंडूचे तोरण ते दसऱ्याला देवळास बांधत, तो मेक्सिकोचा. नैवेद्याच्या ताटातील मिरची अमेरिकेची, पेरू आणि सीताफळही अमेरिकेचेच. प्रत्यक्ष सीतामाईचे नाव धारण करून बसलेले. हवाई बेटांवर हिलेब्रांट नावाच्या जर्मन डॉक्टरने हा चाफा 1860 साली नेला आणि आज तेथील पुष्पहार पाहून प्रवाशांना तो तेथलाच वाटतो. परकेपणाची मुदत किती वर्षांनी संपते, याचा कोष्टक कोणाही इतिहासकाराजवळ नाही. तेव्हा झाडाच्या जन्मस्थानाचा प्रश्न गैरलागू मानून केवळ फरशीच्या नकाशाचा विचार करावा, अशी टिपणी मी लिहिली. ती पुढे सरकण्यापूर्वीच आषाढातल्या एका वादळात झाड मुळासकट आडवे झाले.

मी पाहणीस गेलो तेव्हा त्याला पडून दोन दिवस झाले होते, आणि शेंड्याची फुले ताजी होती. गावातील बायामुलांनी जमेल तेवढ्या फांद्या कापून नेल्या होत्या. अर्जावर सही करणारे वृद्ध पंच तेथेच उभे होते. त्यांच्याही हातात एक फांदी होती. चिकाने धोतर डागाळले होते.

“साहेब, ही किती दिवस वाळवायची?” त्यांनी विचारले.

“एरवी आठ दिवस पुरेत,” मी म्हटले, “पण हवा पावसाळी आहे. तुम्ही पंधरा धरा, काका. पाने मात्र आजच काढून टाका.”